झाडलेलं रान

बाई, आज सकाळी वरणात माझ्या हातून पुन्हा मीठ कमी पडलं. तेवीस वर्षं मी या घरात वरण करते आहे आणि तेवीस वर्षं तुम्ही पहिला घास घेऊन म्हणत आलात, "कौतिका, मीठ माहेरी ठेवून आली का वो?" आणि मी म्हणायची, "हाव, मुर्रीले आहे. जाऊन घेऊन या." खरं सांगायचं तर पुढे पुढे मी ते जाणूनच कमी टाकत असे. तुम्ही बोलल्याशिवाय जेवणाला सुरुवात झाल्यासारखं वाटत नसे. आज तुमचे भाऊ खाली मान घालून जेवले, हात धुतला आणि उठून गेले. मीठ कोणी मागितलं नाही.

आज दहावा दिवस. रविवारी तेरवी. घरात माणसांची रीघ लागली आहे. चोरखमाऱ्याचे येतात, तिरोड्याकडचे येतात, माझ्या माहेरचेही येऊन गेले. ओसरीवर बसतात, चहा घेतात आणि माझी नणंद केवढी मोठी बाई होती ते मलाच समजावून सांगतात. दुरपताबाई रानासाठी झिजली, म्हणतात. एकानं तर वाघीण म्हटलं. मी मान हलवली. वाघीण कसली? अस्वलाच्या वाटेनं एकट्या जायच्या तुम्ही, आणि न्हाणीत पाल दिसली की हातातला तांब्या टाकून मला हाका मारायच्या. हे मी कोणाला सांगितलं नाही. तेवढं माझ्याकडे राहू दे.

पण एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे, आणि ती पाहुण्यांना नाही, तुम्हालाच सांगायची होती. सहा वर्षं ती माझ्या जिभेवर होती. तुमचं माझं कशावरून भांडण झालं नाही? मिठावरून, सरपणावरून, म्हशीच्या खुंट्यावरून, अर्जातल्या एकेका शब्दावरून. ज्यावरून व्हायला हवं होतं, त्यावरून मात्र झालं नाही. कारण ते तुम्हाला कळू नये अशी तजवीज मीच केली होती. आता ऐका. आता तुम्हाला मधे तोडता येणार नाही, याचं मला बरं वाटायला हवं होतं. वाटत नाही.

तुम्ही एकोणिसाव्या वर्षी नवरा गमावून या घरी परत आलात, तेव्हा मी इथे नव्हते. सासूबाई सांगायच्या, "दुरपता सरपनाले म्हनून रानात जाये, अन् मोळी न घेताच घरी ये." घरातल्यांना वाटे, पोरीचं डोकं फिरलं. मी लग्न होऊन आले तेव्हाही तुमचं तेच चाललं होतं. एकदा मी विचारलं, एवढा वेळ तिथे करता तरी काय? तुम्ही म्हणालात, "काई नाई वो. तेथी मले कोनी काम सांगत नाई." मी हसले होते. घरात माझ्या वाट्याला आलेल्या भांड्यांचा ढीग पाहून मला तुमचा थोडा रागही आला होता.

ते खालचं रान. गावाच्या उगवतीला, नाल्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत. ऐन, बीजा, धावडा, तेंदू, मोह, आणि मधे वेळूची बेटं इतकी दाट की गुरं शिरली तर शिंगं अडकायची. मालगुजारी गेली, रान सरकारकडे आलं, गाव म्हणालं बरं झालं. आणि पुढच्याच हिवाळ्यात कोतवालानं दवंडी दिली की खालचं रान तोडून तिथे शेती करायची आहे, ट्रॅक्टर येणार आहेत, देशाला धान्य पाहिजे आहे. तुम्ही तूर पाखडत होतात. सूप खाली ठेवलंत आणि म्हणालात, "कौतिका, कागद घे."

मी गोंदियाला सहावीपर्यंत शिकलेली. माझ्या अक्षराचा मला गर्व होता, अजूनही आहे. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. तुम्ही अंगठा द्यायच्या, तोही असा दाबून की कागदाला भोक पडेल. पहिला अर्ज मी झोकात लिहिला. रान गेलं तर डोंगराची माती वाहून तळ्यात येईल, तळं गाळानं भरेल, धानाला पाणी पुरणार नाही. गुरं चरणार कुठे? तेंदूपानाच्या दिवसांत बायकांच्या हाताला काम राहणार नाही. सगळं वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "मस्त लिवलं. आता खालती एक लिव, का ते रान आमच्या काई कामाचं नाई."

"बाई, असं लिहिलं तं साहेब म्हनन, कामाचं नाही तं ठेवता कायले?"

"म्हनू दे. सारं कामालेच पायजे का? मी का कामाची आहो?"

 मी ते लिहिलं नाही. आठ दिवस आपण त्यावरून भांडलो. तुम्ही म्हणायच्या, पाण्यासाठी ठेवा म्हटलं तर उद्या ते पाणी दुसरीकडून आणून देतील आणि रान तोडतील. गुरांसाठी म्हटलं तर कुरण करून देतील. ज्याचा काही उपयोगच नाही त्याच्या बदल्यात ते काय देणार? मी म्हणायची, सरकारदरबारी असं बोलून चालत नाही. माझं म्हणणं व्यवहाराचं होतं. तुमचं बरोबर होतं असं मी तुम्हाला एकदाही म्हटलं नाही, आणि आता म्हणून तरी काय?

त्या वर्षीची मंडईची जत्रा आठवते? दिवाळी झालेली, भर दुपारी पटांगणात दंडारीचा खेळ उभा राहिलेला, चार गावची माणसं जमलेली. गण झाला, दोन सोंगं झाली, आणि तिसरं सोंग यायच्या आत तुम्ही पदर खोचून मधे जाऊन उभ्या राहिलात. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दंडारीत बाईचं काम पुरुष लुगडं नेसून करतो, हे तान्ह्या लेकराला ठाऊक आहे. तुम्ही अशा उंच, आवाज ढोलासारखा. लोकांनी शिट्ट्या मारल्या. एक म्हातारा ओरडला, "हा कोन गावचा गा? चांगला नटला!"

"कोनी नटला नाई," तुम्ही म्हणालात. "मी खरीच बाई आहो. लुगडं बी रोजचंच आहे."

लोक हसून लोळले. तुम्ही हसू ओसरेपर्यंत उभ्या राहिलात, मग म्हणालात, "आमचे बुढे माळव्यातून आले, तवा या रानानं त्यायले जागा देली. अर्ज मांगतला नाई. आता ते रान आपल्याले जागा मांगून राहिलं. अन् आपन म्हनून राहिलो, जागा नाई."  मी बायकांत बसले होते. मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला आणि हेवाही वाटला. दोन्ही एकदमच वाटले.

मग सोमा उठला. हा सोमा म्हणजे आपल्याच धानाच्या बांधीत रोवणीला येणारा, स्वतःची वीतभर जमीन नसलेला. म्हणाला, "तुमाले धानाची बांधी आहे, बाई, म्हनून तुमाले रान गोड. मले तं तुकडाभर जमीन पायजे." तुम्ही त्याच्याकडे पाहत राहिलात. "तुहं खरं आहे, सोमा," म्हणालात आणि खाली येऊन बसलात. तीन दिवस तुम्ही नीट जेवला नाहीत. चौथ्या दिवशी त्याच्या घरी गेलात. काय बोलणं झालं ते मला कधी सांगितलं नाहीत, पण पुढच्या अर्जावर वरून तिसरा अंगठा सोमाचा होता. परवा त्यानंच मला सांगितलं. म्हणाला, "बाईनं मले समजावलं नाई. बाई म्हने, तुले जमीन भेटत असन तं मी अर्ज आताच फाडतो. पन ते तुले देनार नाई, सोमा." आणि दिली नाहीच. ती कोणाकोणाला मिळाली ते आपण पाहिलं.

मंडईनंतर सगळे तुमच्याकडे येऊ लागले. बाजाराच्या दिवशी लोक तुम्हाला थांबवायचे. मी लिहायची, तुम्ही बोलायच्या. "तू लिव, कौतिका. बोलाचं मी पायतो." किती सहज म्हणायच्या. मला ते लागायचं, बाई. तुमच्या तोंडचं वाक्य सरळ करून, त्याला काना-मात्रा लावून मी कागदावर उतरवायची आणि लोक म्हणायचे, दुरपताबाईनं काय अर्ज लिहिला! एका घरात दोघींनी राबायचं आणि नाव एकीचं घ्यायचं, हे कोणत्या भावजयीला गोड लागेल? हा मनाचा कोतेपणा आहे हे मला समजतं. पण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे, म्हणून लिहिते.

फाल्गुनात पत्र आलं की येत्या गुरुवारी साहेब जागा पाहायला येणार. जंगल म्हणावं की पडीत म्हणावं, हे त्यांच्या पाहणीवर ठरणार होतं. तुम्ही गोंदियाहून छोट्या लाईनच्या गाडीनं नवेगाव बांधला गेला होतात, तिथल्या मासे धरणाऱ्यांचे आणि शेतकऱ्यांचे अंगठे घ्यायला. त्यांचंही तळं रानाच्या जिवावर, तेव्हा त्यांनाच आपलं दुखणं कळेल, असं तुमचं म्हणणं. गुरुवारीच परत यायच्या होतात. निरोप पाठवायला मार्ग नव्हता. हाताशी तीन दिवस होते, आणि ते तीन दिवस माझे होते. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

पाहुणा येणार म्हटलं की आपण काय करतो? झाडतो, सारवतो. मुलगी पाहायला येणार असले तर शेजारीणही आपलं अंगण सारवते. मी घरोघरी जाऊन बायकांना म्हटलं, "सायबाले आपलं रान पसंत पडलं पायजे." पुढचं सांगावं लागलं नाही. मोह पडायच्या आधी झाडाखालची जागा लख्ख करायची सवय आपल्या प्रत्येकीच्या हाताला आहे. चाळीसेक बायका खराटे घेऊन निघाल्या. पुरुषांनी रायमुनियाची झुडपं तोडली, वेळूची वाकलेली बेटं छाटली, नाल्यापासून मधल्या मोठ्या मोहापर्यंत गाडी जाईल एवढी वाट केली. आम्ही पाला गोळा करून जाळला. शेणाचा सडा घातला. वाटेच्या दोन्ही बाजूंना दगड मांडून त्यांना चुना लावला. मोहाखाली जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव घातला, रांगोळी काढली. बुधवारी संध्याकाळी मी मागे उभी राहून पाहिलं तेव्हा मला भरून आलं. असं नीटनेटकं रान मी जन्मात पाहिलं नव्हतं. बाईंना दाखवू, असं मनात म्हटलं.

साहेब वाईट माणूस नव्हता. तरुण होता, बोलायला मऊ होता. त्याची जीप थेट मांडवाशी आली. आम्ही दिलेले वडे त्यानं आवडीनं खाल्ले, गुळाचा चहा घेतला. इकडेतिकडे पाहून म्हणाला, "मला वाटलं होतं आत शिरताच येणार नाही. केवढं स्वच्छ आहे. हे नेहमी असंच असतं का?"

 लिहितीवाचती मीच. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. आणि मी पदर सावरून, शाळेत शिकले होते तशा शुद्ध भाषेत म्हणाले, "हो साहेब. आमचं रान नेहमी असंच असतं."

हे ते वाक्य. पाहुण्यानं घर नीट ठेवल्याचं कौतुक केलं तर कोणती बाई म्हणेल, नाही हो, आजच झाडलं? पण मी घराबद्दल बोलत नव्हते. त्यानं वहीत लिहून घेतलं. त्या वेळी मला वाटलं, माझं बोलणं पहिल्यांदाच कोणी लिहून घेतं आहे.

जीप गावाबाहेर पडत होती आणि तुम्ही रस्त्यानं येत होतात. डोक्यावर फडक्यात बांधलेले कागद, पायावर नवेगावची धूळ. पाणीही न पिता सरळ रानात आलात. मी कप गोळा करत होते. तुम्ही चुन्याचे दगड पाहिलेत, मांडव पाहिलात. खाली वाकून सारवलेल्या जमिनीवर हात टेकलात, जसा तापलेल्या माणसाच्या कपाळावर टेकतात. बायका वाट पाहत होत्या, तुम्ही शाबासकी द्याल म्हणून.

"पोरगी मस्त सजवली वो, कौतिका," तुम्ही म्हणालात. "आता पाठवा सासरी."

एवढंच. त्या दिवशी जेवताना तुम्ही म्हणालात की वरणात मीठ कमी आहे. मी वाट पाहिली, आता ओरडाल, मग ओरडाल. एक अख्खा आठवडा मी भांडणाची तयारी करून बसले होते. माझी उत्तरं तयार होती. तुम्ही विषयच काढला नाहीत.

दोन महिन्यांनी त्या पाहणीच्या कागदाची नक्कल मिळाली. तुम्ही ओसरीवर चिंचा फोडत होतात. "वाच," म्हणालात. मी वाचलं. जमीन सपाट आहे, झाडी विरळ आहे, आत वाहन जाते, लागवडीस योग्य आहे. त्याखाली आणखी एक ओळ होती. हे रान नेहमीच असे मोकळे असते, असे ग्रामस्थांनी स्वतः सांगितले.

मी कागदाची घडी घातली.

"झालं?" तुम्ही विचारलंत.

"झालं," मी म्हणाले.

बाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं. कागदावर काय आहे ते तुमच्यासाठी मी म्हणेन तेच होतं. माझ्यावर तुमचा एवढा भरवसा होता की तुम्ही तो कागद दुसऱ्या कोणाकडून कधी वाचून घेतला नाहीत. मी ती ओळ खाल्ली. जगात कोणाला फसवणं याहून सोपं नसेल. चिंचेचा चिंचोका काढून तुम्ही टोपलीत टाकलात आणि म्हणालात, "लिव. त्या दिवशी पाहुना येनार म्हनून आमी झाडलं. रोज ते असं नसते. आमची चूक झाली." तुम्ही तर झाडताना गावात नव्हतात. तरी आमची म्हणालात. मी तसंच लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

उत्तर आलं की पूर्वीच्या पाहणीत बदल करण्याचे कारण दिसत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा तेच. गोंदियाला गेलात, भंडाऱ्याला गेलात, नागपूरला जाऊन दोन दिवस कचेरीच्या पायऱ्यांवर बसून आलात. "काऊन पटत नाई वो यायले?" परत आलात की मला विचारायच्या. "एवढं साफ लिवलं. चुकलो म्हनून बी लिवलं. चुकलो म्हनाऱ्याचं तं देव बी आयकते." मी म्हणायची, सरकारी माणसं आहेत बाई, त्यांचं असंच. मला ठाऊक होतं का पटत नाही. तुम्ही म्हणत होतात त्या दिवशीच झाडलं, आणि त्यांच्या कागदावर माझ्या तोंडचं होतं की नेहमीच असं असतं. तुम्ही सहा वर्षं ज्या भिंतीवर डोकं आपटत होतात ती मी बांधली होती. आणि तुम्ही घरी आलात की कपाळाला तेलही मीच चोळत होते.

दुसऱ्या वर्षी ट्रॅक्टर आले. मी बांधावर गेले नाही, तुम्ही गेलात. पाचव्या दिवशी मोठा बीजा पाडला, नाल्याजवळचा. बीजाच्या खोडातून लाल पाणी येतं. ते तुम्ही पदरानं पुसलंत, असं बायका सांगत आल्या. घरी आल्यावर तुम्ही लुगडं धुण्यात टाकलंत. धुणं मी धूत होते. तो डाग गेला नाही. मी राखेनं घासला, रिठ्यानं घासला. शेवटी तुम्हीच म्हणालात, "राहू दे वो. फाडशीन."

डोंगराचा उतार तेवढा वाचला. तेवढ्यावरून लोक म्हणायचे, दुरपताबाईनं अर्धं रान वाचवलं. तुम्ही हसायच्या. "मी नाई वाचवलं. ट्रॅक्टरले चढता येत नाई म्हनून वाचलं." पण उतारासाठीही तुम्ही अर्ज सोडले नाहीत, कारण उद्या चढणारा ट्रॅक्टर निघाला तर? राजधानी नागपूरहून उठून मुंबईला गेली तेव्हा तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. "आपले कागद तं नागपुरातच राहिले. आता मुंबईले नव्यानं सांगा लागन. घे कागद." तेव्हा आपण दोघी खूप हसलो. त्या अर्जातही मी ते वाक्य लिहिलं, आमची चूक झाली. उताराच्या अर्जात त्याचं काही काम नव्हतं. पण तुम्ही सांगायच्या आणि मी लिहायची. ते एकच वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, आणि एकदाही त्यात माझी म्हणून लिहिलं नाही.

रान गेलं त्या वर्षी दिवाळीनंतर तुम्ही आपल्या वाडीतल्या मागच्या कोपऱ्याला बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलंत. आत खराटा न्यायचा नाही, कुदळ न्यायची नाही, काही पेरायचं नाही. जे येईल ते येऊ द्यायचं. पहिल्या वर्षी नुसतं गवत आलं. मग रायमुनिया आली, उधईचं वारूळ आलं, एक मुंगूस राहायला आलं, चारोळीचं रोप आलं. एक मोहही उगवला, तो आता माझ्या खांद्याला लागतो. मी रोज अंगण झाडत तिथपर्यंत जायची आणि माझा हात शिवशिवायचा. एकदा कुंपणातून आलेला वाळका पाला मी खराट्यानं ओढायला गेले, तशा तुम्ही घरातून ओरडलात, "हात नोको लावू वो त्याले!" मला वाटलं, हा टोमणा आहे. माझ्या डोळ्यांसमोर राहावा म्हणून घातलेला, रोजचा. मी मनात म्हटलं, घाला. मला तो पाहिजेच होता. तुम्ही तोंडानं भांडत नव्हतात, कोपरा तरी भांडत होता.

तापात तुम्ही बाज मागच्या पडवीत हलवायला सांगितलीत. तिथून कोपरा दिसतो. जायच्या दोन दिवस आधी, दुपारी, मी तुमचे पाय चेपत होते. घरात कोणी नव्हतं. मी धीर केला. म्हटलं, "बाई, त्या दिवशीचं तुमी मले कवा बोललाच नाही."

तुम्ही डोळे मिटूनच होतात. "कोनत्या दिवशीचं?"

मी थांबले. तुम्हाला खरंच आठवत नव्हतं, की तुम्ही मला सोडवत होतात, की सगळं माहीत होतं आणि ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं? मला कळलं नाही. मला फक्त म्हणायचं होतं, साहेब आला त्या दिवशीचं. आणि मग ती ओळ. वाचायला किती वेळ लागतो? मी म्हणाले, "काई नाही. पाणी देऊ का?" तुम्ही म्हणालात, "दे." दोन घोट प्यालात. त्यानंतर आपलं बोलणं म्हणावं असं झालं नाही.

तर ही ती गोष्ट, बाई. झाली वाचून. या वेळी मी एकही ओळ गाळली नाही. आणि पहिल्या अर्जात जे तुम्ही सांगितलं होतं आणि मी लिहिलं नव्हतं, तेही इथे लिहिते. ते रान आमच्या काही कामाचं नव्हतं. ते राहू द्यायला हवं होतं.

आज दुपारी तुमचे भाऊ आणि सोमा तेरवीच्या मांडवासाठी जांभळीच्या डहाळ्या घेऊन आले. वाडीत पंगती बसवायच्या म्हणून पावलांनी जागा मोजत होते. शेवटी ते त्या कोपऱ्याशी येऊन थांबले. सोमाच्या हातात विळा होता. "एक पंगत मावत नाई," तुमचे भाऊ म्हणाले, आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "हे साफ करू का? पाहुने येऊन राहिले. बरं नाही दिसत."

मी खराटा घेऊन उभी होते. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. पाहुणे येणार म्हणून.

"राहू द्या," मी म्हणाले. "दाटीनं बसतीन. नाहीतं दोन पाळ्यांत जेवतीन."

सोमानं विळा कमरेला खोचला. दोघं पलीकडे खांब रोवायला गेले. तुम्ही आजारी पडल्यापासून कुंपणाची एक काटेरी फांदी सुटून लोंबत होती, ती दोरीनं बांधायला मी वाकले. बोटात काटा रुतला. मी तशीच हात त्या काट्यावर ठेवून थांबले, पडवीकडे कान देऊन, बराच वेळ.

कोणी ओरडलं नाही.